गच्ची, कठडा आणि लिंबाची कुंडी : २०२० च्या विलगीकरणातील निसर्गनोंदी

३० मार्च २०२०

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ घराबाहेर पडणेही थांबले. घराला गच्ची आहे, गच्चीवर कुंड्या आहेत, आणि कठड्यापलीकडे काही मोठी झाडे दिसतात. एवढ्याच जागेतील सजीवांची पद्धतशीर नोंद ठेवायची असे ठरवले आहे. ज्यांना घरी राहूनच असे काम हाती घ्यायचे आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून काय साधले आणि काय फसले ते तारखेनिशी लिहीत जाईन.

आज फक्त चौकट आखली. गच्ची, कठडा आणि कुंड्या हा एक भाग, आणि गच्चीवर उभे राहून जे दिसते किंवा ऐकू येते तो दुसरा भाग. दोन्हींच्या नोंदी एकमेकींत मिसळायच्या नाहीत. सूर्योदयानंतरची पंधरा मिनिटे पक्ष्यांसाठी, दुपारचा थोडा वेळ कुंड्यांसाठी. साधनांत आठपट मोठे दाखवणारी जुनी दुर्बीण, मोबाइल आणि वही. ठरलेल्या वेळात काहीच आढळले नाही तर ‘काही नाही’ असे स्पष्ट लिहायचे, हा नियम सर्वांत महत्त्वाचा मानला आहे. कोरी जागा पाहून पक्षी आला नाही की पाहणाराच आला नाही, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

६ एप्रिल

पहिल्या आठवड्याच्या नोंदी वाचून पाहिल्या. ‘लहान हिरवट पक्षी’, ‘तपकिरी पक्षी, शेपूट लांब’ अशा ओळींचा काहीही उपयोग होत नाही. रंग सकाळच्या तिरप्या उजेडात फसवा दिसतो आणि पक्षी पाठमोरा असला की तोही दिसत नाही.

यावर उपाय म्हणून नोंदीचा क्रम बदलला. आता आधी चोच लिहितो, मग शेपटी, मग हालचाल, आणि रंग सर्वांत शेवटी. हा बदल आजच उपयोगी पडला. जास्वंदीत फिरणारे दोन हिरवट पक्षी मी एकच समजत होतो. त्यांतील एकाची शेपटी पाठीवर काटकोनात उभी, चोच लांब आणि किंचित वाकलेली, कपाळ तांबूस. तो एकटा, पानांच्या खालच्या बाजूने सरकत जाणारा आणि अंगाच्या मानाने फार मोठ्या आवाजात एकच स्वर पुन्हा पुन्हा काढणारा. हा शिंपी. दुसरा थव्याने येणारा, आखूड शेपटीचा, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला, तो चष्मेवाला. इतकी वर्षे हे दोघे याच जास्वंदीवर येत असणार.

१४ एप्रिल

सध्या जो तो म्हणतो आहे की पक्षी पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडू लागले आहेत. ते खरे आहे का हे मोजता येईल असे वाटून मोबाइलवर रोज सकाळी ध्वनिमुद्रण सुरू केले होते. त्यात बराच वेळ वाया गेला. मोबाइलचे नेहमीचे रेकॉर्डर शांततेत आवाज आपोआप वाढवतात आणि गोंगाटात कमी करतात. त्यामुळे दूरचा तांबट आणि जवळचा कावळा जवळपास सारख्याच मोठ्या आवाजात उमटतात. शिवाय आवाजाची फाइल लहान करताना बारीक तपशील गाळले जातात. या मुद्रणांवरून कोणता आवाज किती मोठा होता हे सांगणे शक्यच नाही, म्हणून ती सगळी ‘फक्त ओळखीसाठी’ असा शेरा मारून वेगळी ठेवली.

आता आवाजाची पातळी हाताने ठरवता येते आणि फाइल वेव्ह स्वरूपात, न आवळता साठवते असे अ‍ॅप घेतले आहे. मोबाइल कठड्यावर रोज त्याच खुणेवर ठेवतो, खाली कापडाची घडी घालतो म्हणजे कठड्याची कंपने येत नाहीत, आणि माइकवर स्पंजचा लहान तुकडा बसवतो म्हणजे वाऱ्याची घरघर कमी होते. एवढे करूनही मोजमाप खऱ्या अर्थाने अचूक होणार नाही, कारण त्यासाठी प्रमाणित माइक लागतो. पण कालचे आणि आजचे मुद्रण निदान शेजारी ठेवून ऐकता येते.

एक गोष्ट मात्र यंत्राशिवाय लक्षात आली. रस्त्यावरच्या वाहनांचा अखंड घुमणारा सूर नाहीसा झाल्याने पूर्वी कधीच न पोहोचणारे आवाज गच्चीपर्यंत येत आहेत. तांबटाची ‘टुक टुक’ दिशा बदलून येते, म्हणजे तांबट एकाहून अधिक असावेत.

२७ एप्रिल

सिटी नेचर चॅलेंज या जागतिक उपक्रमाचे या वर्षीचे चार दिवस, २४ ते २७ एप्रिल, आज संपले. लॉस एंजेलिसचे नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम एरवी शहरांमधील स्पर्धा असतो. या वर्षी महासाथीमुळे स्पर्धा बाजूला ठेवून घरून, खिडकीतून, अंगणातून नोंदी करण्याचे आवाहन होते. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रे चढवताना जे अडथळे आले ते सविस्तर लिहितो, कारण तेच इतरांनाही येतील.

पहिला अडथळा ठिकाणाचा. छायाचित्रात साठलेले अक्षांश-रेखांश अ‍ॅप आपोआप उचलते. सगळ्या नोंदी एकाच घरातून होत असतील तर नकाशावर त्या घराचा पत्ताच उघड होतो. नोंद चढवण्याआधी स्थळाची निवड बदलून ते धूसर करता येते. मग इतरांना सुमारे ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनातील कुठलातरी बिंदू दिसतो आणि नोंदीचे शास्त्रीय मोलही टिकते. पहिल्या दिवशीच्या नोंदी मला एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या. विलगीकरणात काम करणाऱ्याने हे सर्वांत आधी करावे.

दुसरा अडथळा कुंड्यांचा. आपण लावलेली झाडे ‘लागवडीची’ अशी खूण करूनच चढवावी लागतात आणि त्यांना संशोधनयोग्य दर्जा मिळत नाही. कुंडीत आपोआप उगवलेले तण, त्यावरचा मावा, माव्याजवळ फिरणाऱ्या मुंग्या आणि मावा खाणारी चित्रांगी ढालकिड्याची अळी मात्र पूर्णपणे रानटी ठरतात. जे उपटून टाकण्याची सवय होती तेच या कामात सर्वांत मोलाचे निघाले. आता एक कुंडी मुद्दाम तशीच सोडली आहे.

ओळख पटवणाऱ्या लोकांनी अनेक चित्रे कुळापर्यंत नेऊन तिथेच थांबवली, आणि त्यांचे योग्यच होते. मुंगी वरून टिपली तर तिच्या कमरेतील गाठी दिसत नाहीत, आणि त्या एक की दोन यावरच पुढची ओळख बरीच अवलंबून असते. आता प्रत्येक कीटकाची वरून, बाजूने आणि शक्य झाल्यास समोरून अशी चित्रे घेतो. मोबाइलला चिमट्याने लावायचे मॅक्रो भिंग उपयोगी आहे, पण त्याला अगदी जवळ जावे लागते आणि मुंगी थांबत नाही. दगडफूल, शेवाळ आणि भिंतीतील फटींमधली रोपे यांवर आधी हात बसवावा.

९ मे

ग्लोबल बिग डे. ईबर्डवर पक्ष्यांच्या याद्या देण्याचा जागतिक दिवस. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि ऑडुबॉन या अमेरिकेतील पक्षिविषयक संस्थांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या नोंदसंग्रहात ‘एका जागी थांबून’ केलेली यादी हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि गच्चीसाठी तोच नेमका लागू पडतो. यादी ‘पूर्ण’ म्हणून द्यायची असेल तर ओळखता आलेले सर्व पक्षी लिहावे लागतात. कावळा आणि पारवा नेहमीचेच म्हणून गाळता येत नाहीत. पूर्ण यादीत जो पक्षी नाही तो त्या वेळी आढळला नाही असे मानता येते. म्हणजे माझ्या वहीतील ‘काही नाही’चेच हे व्यवस्थित रूप आहे, आणि ते पाहून बरे वाटले.

पारवे मोजणे अवघड जाते, कारण ते एकाच इमारतीभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात. एका वेळी डोळ्यांसमोर दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहायची, बेरीज करायची नाही.

२१ मे

शिंजीर नर खिडकीच्या काचेवर सारख्या चोची मारत आहे. हा विणीचा काळ आहे आणि काचेतील प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटते. मी आतून कागद चिकटवला, त्याचा उलटा परिणाम झाला: आतला उजेड बंद झाल्याने बाहेरून काच अधिकच आरशासारखी झाली. बाहेरच्या बाजूने जुनी साडी टांगल्यावर तो थांबला. अडथळा काचेच्या बाहेरच हवा.

पाण्याच्या पसरट भांड्याविषयीही आजच लिहून ठेवतो. खोली बोटाच्या दोन पेरांहून जास्त नको, आणि मध्ये खडबडीत दगड हवा म्हणजे लहान पक्ष्यांना आणि मधमाश्यांना टेकता येते. पाणी नुसते बदलून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी होऊनही महिनोन् महिने जिवंत राहू शकतात. त्यामुळे भांडे घासून धुवायचे, आणि तेही एक दिवसाआड.

९ जून

लिंबाच्या कोवळ्या पालवीवर फिकट पिवळी, मोहरीपेक्षा लहान, गोल अंडी आहेत. सुटी सुटी, एका पानावर बहुधा एकच. जवळच काही बारीक अळ्याही आहेत. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या. मी याआधी अशा अळ्या पाहून पाने पुसून काढलेली आहेत.

लिंबावर लाइम बटरफ्लाय म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस आणि बहुरूपी ही दोन्ही फुलपाखरे अंडी घालतात आणि त्यांच्या लहान अळ्या दिसायला सारख्याच असतात. म्हणून वहीत फक्त ‘लिंबावरील अळी’ लिहिले आहे. अळी मोठी होईपर्यंत जातीचे नाव लिहायचे नाही.

१७ जून

काही अळ्या निरीक्षणासाठी आत आणल्या होत्या. त्यांच्यासाठी केलेली पहिली व्यवस्था सपशेल फसली.

प्लास्टिकच्या बरणीत, झाकणाला भोके पाडून, लिंबाची पाने घातली होती. पावसाळी हवेत बरणीच्या भिंती ओल्या झाल्या, अळ्यांच्या विष्ठेवर बुरशी धरली आणि दोन अळ्या मेल्या. त्यानंतर लिंबाची डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवून अळ्या तिच्यावर सोडल्या. तेव्हा एक अळी डहाळीवरून खाली उतरत थेट बाटलीच्या तोंडातून पाण्यात गेली.

आता जे टिकले आहे ते असे: बाटलीच्या तोंडाशी डहाळीभोवती कापूस घट्ट बसवला आहे, बाटली एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आहे, खोक्याच्या दोन बाजू कापून तिथे मच्छरदाणीचे कापड लावले आहे, आणि तळाला कागद आहे जो रोज सकाळी बदलतो. हवा खेळती राहणे हे सर्वांत महत्त्वाचे. पाने फक्त याच कुंडीतील देतो, कारण बाहेरून आणलेल्या पानांवर फवारणी झाली असेल तर अळ्या वाचत नाहीत.

शेवटची कात टाकल्यावर अळीचे रूप एकदम पालटते. विष्ठेचा रंग जाऊन ती हिरवीगार होते आणि पानाच्या शिरेलगत बसली की समोर असूनही दिसत नाही. कुंचल्याच्या टोकाने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून केशरी छटेचा, दुभंगलेला मऊ अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. हे एकदा पाहिले तेवढे पुरे. त्यात अळीची शक्ती खर्च होते.

२९ जून

एक अळी काल खाणे सोडून खोक्यात भटकत होती. नेहमीच्या कोरड्या लेंड्यांऐवजी तिने पातळ विष्ठा टाकली. मला ती आजारी वाटली आणि मी तिला पुन्हा पानावर ठेवत राहिलो, पण ही कोषात जाण्याआधीची स्वाभाविक तयारी असते. अळी पोट पूर्ण रिकामे करते. रात्री तिने काडीवर रेशमाची लहान गादी विणली, शेपटीकडचा भाग तिच्यात रोवला आणि पाठीमागून रेशमाचा एक धागा घेऊन स्वतःला काडीला बांधून घेतले. आज सकाळी कात उतरली आणि कोष दिसू लागला. काडीवरचा कोष तपकिरी आहे. कुंडीतल्या पानामागे झालेला दुसरा कोष हिरवा आहे.

खोक्यात उभ्या, खडबडीत काड्या आधीपासून ठेवाव्यात. फुलपाखरू बाहेर आल्यावर त्याला पंख खाली लोंबतील असे टांगून राहावे लागते. गुळगुळीत भिंतीवर ते घसरते, आणि पंख पसरण्याआधी खाली पडले तर ते चुरगळलेलेच वाळतात.

९ जुलै

काडीवरच्या कोषातून सकाळी फुलपाखरू आले. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या टोकाला विटकरी ठिपका, शेपटी नाही. पॅपिलिओ डेमोलियस निश्चित. आता वहीतील ‘लिंबावरील अळी’ या ओळीपुढे नाव भरले. पंख कडक होईपर्यंत हात लावला नाही, नंतर खोके गच्चीवर उघडे करून ठेवले.

कुंडीतल्या कोषातून मात्र फुलपाखरू आले नाही. त्याला एक अगदी लहान, गोल भोक पडलेले आहे आणि आतून बारीक परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या. त्यांतील काही जाती अळी कोषात जाण्याची वाट पाहत तिच्याजवळ थांबतात आणि कोषाची त्वचा मऊ असतानाच त्यात अंडी घालतात. सुरुवातीला वाईट वाटले, पण त्या माश्याही याच गच्चीच्या रहिवासी आहेत. त्यांची स्वतंत्र नोंद करून छायाचित्र चढवले आहे.

२१ जुलै

१८ ते २६ जुलै हा नॅशनल मॉथ वीक; २०१२ पासून जुलैच्या अखेरीस रात्रीच्या पतंगांच्या नोंदींसाठी पाळला जातो आणि आता अनेक देशांत पसरला आहे. काल अमावास्या होती, म्हणजे चंद्रप्रकाशाचा अडथळा नव्हता.

महिन्याच्या सुरुवातीस, पौर्णिमेच्या सुमारास, पतंग येऊन बसावेत म्हणून दिव्याजवळ कापड लावून पाहिले होते आणि जवळजवळ काहीच आले नव्हते. त्यामागे चंद्र हे एक कारण असेलच, पण मुख्य दोष दिव्याचा होता. पिवळसर एलईडीकडे पतंग फारसे येत नाहीत. निळ्या-जांभळ्या आणि अतिनील बाजूचा प्रकाश त्यांना अधिक खेचतो. आता पांढऱ्या दिव्याच्या जोडीला अतिनील नळी लावली आहे आणि ती डोळ्यांच्या थेट समोर येणार नाही अशी कापडाआड ठेवली आहे. कापड सुती, पांढरी चादर. वरच्या दोरीला चिमट्यांनी आणि खाली विटांनी ताणलेली. ती सैल असली की वाऱ्याने फडफडते आणि बसलेले पतंग उडतात. खालचा काठ जमिनीवर पुढे पसरून ठेवला, कारण पुष्कळ कीटक कापडावर न बसता खालीच उतरतात.

या वेळी चादर भरून गेली. इंग्रजी टी अक्षरासारखे पंख आडवे ताणून बसणारे प्लूम मॉथ, वाळक्या पानासारखे दिसणारे, चकचकीत पांढरे, आणि एक हॉकमॉथ, ज्याची छाती मोबाइलच्या उजेडात मखमलीसारखी दिसत होती आणि उडण्याआधी पंख थरथरवून स्नायू तापवताना ज्याच्या पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

पाली मात्र लगेच आल्या. चादर भिंतीला लागून होती, त्यामुळे त्यांना मार्ग मिळाला. आज ती भिंतीपासून दूर, दोन काठ्यांच्या मध्ये बांधली आहे. काम झाल्यावर दिवा बंद करून चादर हलकेच झटकायची आणि काही वेळ अंधारात सोडायची. सकाळपर्यंत दिवा ठेवला तर पहाटेचे पक्षी सगळे वेचून खातात. नळीकडे एकटक पाहू नये.

२९ सप्टेंबर

एप्रिलमधील आवाजाच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यांच्या कामातून मिळाले. ‘सायन्स’ या नियतकालिकात या महिन्यात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील पांढऱ्या डोक्याच्या चिमण्यांचा अभ्यास आला आहे. त्या संशोधकांकडे महासाथीपूर्वीची मुद्रणे होती आणि टाळेबंदीत गोल्डन गेट पुलावरील वाहतूक १९५० च्या दशकातील पातळीवर उतरली असताना त्यांनी त्याच जागी पुन्हा मुद्रण केले. पक्षी मोठ्याने गात नव्हते. उलट त्यांनी आवाज कमी केला होता आणि तरीही तो पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोहोचत होता.

माझ्या मुद्रणांवरून असे काही सिद्ध करता येणार नाही, कारण माझ्याकडे २०१९ चे काहीच नाही. याच गच्चीवर, याच झाडांसमोर तेव्हा केलेले एकही मुद्रण नाही. म्हणून एप्रिलपासूनची सर्व वेव्ह मुद्रणे तारीख, वेळ आणि आवाजाची पातळी यांसह दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये रस्ता पुन्हा वाहू लागला असेल तर त्याच खुणेवर मोबाइल ठेवून तुलना होईल.

११ ऑक्टोबर

वही तक्त्यात उतरवून पूर्ण झाली. या कामाला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला, कारण सुरुवातीला दिनांक, हवामान आणि प्राणी हे सगळे एकाच ओळीत सलग लिहिले होते. पहिल्या दिवसापासून स्वतंत्र रकाने ठेवावेत: दिनांक, सुरुवात, शेवट, ढग, वारा, जात, संख्या, काय करत होता, छायाचित्र किंवा मुद्रण क्रमांक, आणि ओळखीची खात्री. शेवटचा रकाना विसरू नये. आज खात्री वाटते ती जात पुढे बदलावी लागते, तेव्हा जुने अनुमान खोडून न टाकता त्याशेजारी नवे लिहावे.

तक्त्यात जुलैच्या मध्यात लिंबावर अंडी नसल्याची नोंद सलग दिसते. तेव्हा पाऊस जोराचा होता आणि कुंडीवर नवी पालवी नव्हती. पालवी फुटल्यावर अंडी पुन्हा दिसू लागली. पाहिले आणि नव्हते, असे लिहिलेले असल्यामुळेच हा संबंध समोर आला. पुढील हंगामात पालवीच्या लांबीचा रकाना वाढवणार आहे, आणि दुसरी लिंबाची कुंडी कठड्याच्या पश्चिमेकडे ठेवून दोन्हींची नोंद वेगवेगळी घेईन.